एटीव्हीला बाहेरचा एअर फिल्टर बसवल्यावर कार्बोरेटर कसा जुळवायचा

आपल्या बेळगावच्या सीमाभागात एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची, हँडलवाली चारचाकी गाडी, आता नवलाईची राहिलेली नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या रिसॉर्टांवर पर्यटकांना फिरवायला, चिक्कोडी-अथणीकडे फडात ठिबकच्या पाइपा आणि खताची पोती न्यायला, कुठं निव्वळ हौसेखातर, पण गाड्या दिसतात. त्यातल्या बऱ्याचशा ११० ते २५० सीसीच्या, चिनी इंजिनाच्या आणि कार्बोरेटरवाल्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेल्या. गाडी घरात आली की पहिला बदल ठरलेला असतो. सीटखालचा काळा प्लास्टिकचा डबा निघतो आणि तिथं लाल किंवा निळा कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, बसतो. आवाज भारदस्त होतो, मालक खूश होतो. आणि थोड्याच दिवसांत फोन येतो, "मामा, फिल्टर घातल्यापासनं गाडी पिकअप घेईना झालीया. रेस सोडली की सायलेन्सरातनं फटाके वाजूलाल्यात."

तोवर त्यानं एक काम करून पाहिलेलं असतं. डायवर घेऊन कार्बोरेटरच्या बाजूचा स्क्रू फिरवलेला असतो. स्लोवर, म्हणजे रेस न देता, इंजिन जरा शांत झालं की काम झालं असं वाटतं, पण तो स्क्रू स्लो आणि फार तर पाव रेसपर्यंतचंच पेट्रोल बघतो. पाव ते पाऊण रेस आत लटकणाऱ्या सुईच्या ताब्यात असते आणि त्याच्या पुढं सगळा कारभार मेन जेटचा, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या, बारीक भोकाच्या पितळी तुकड्याचा. उसाची मोळी लादून चढावर पूर्ण रेस दिली तर तो स्क्रू कितीही बाहेर काढलेला असो, इंजिनाला पेट्रोल कमीच पडणार. म्हणून इथं क्रम उलटा धरलाय. आधी मेन जेट, मग सुई, आणि स्क्रू सगळ्यात शेवटी.

फिल्टर बदलल्यावर नेमकं काय होतं

हवा किती आली हे कार्बोरेटरला कळत नाही. त्याच्या गळ्यातून हवा वेगानं जाते, तिथं दाब कमी होतो आणि त्या ओढीनं खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर येतं. कंपनीच्या डब्यातून, त्याच्या अरुंद तोंडातून हवा येताना थोडी अडते आणि त्या अडथळ्यामुळं जेटवरची ओढ वाढते. डबा काढला की अडथळा गेला, हवा मोकळी झाली, पण जेटवरची ओढ घटली. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, यालाच मेकॅनिक लीन म्हणतात. उलट झालं की रिच.

लीन गाडी ओळखायला सोपी असते. रेस सोडल्यावर फटाके, रेस सोडूनही इंजिन लवकर खाली न येणं, थोडा चोक ओढला की बरं चालणं, इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापणं आणि प्लगचं चिनीमातीचं टोक पांढरंफटक पडणं. रिच गाडी जड चालते, भरल्या गळ्यानं बोलल्यासारखा आवाज करते, काळा धूर सोडते, पेट्रोलचा वास मारते आणि प्लगवर कोरडी काजळी धरते. यात लीनचा धोका मोठा. रिच गाडी पेट्रोल पिते, पण लीन गाडी पूर्ण रेसवर फार वेळ चालवली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन जाळते.

बेळगावची उंची आणि पंपावरचं पेट्रोल

परदेशातला कुणीतरी व्हिडिओत सांगतो की या फिल्टरला अमुक नंबरचा जेट घाला. तो आकडा जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडं दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात.

पहिली उंची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा अंदाजे ७ टक्के विरळ. समुद्रकाठी जुळवलेला कार्बोरेटर इथं आणला तर मिश्रण तीन-चार टक्के रिच होतं. म्हणजे उंचीमुळं आपल्याला थोडं पेट्रोल जास्त मिळतं.

दुसरी इथेनॉल. पंपावर आता ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला १ किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. ई-२० चा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी लावलेल्या जेटवर ई-२० चालवलं की गाडी जवळपास ८ टक्के लीन होते. आपल्याच शिवारातला ऊस कारखान्यात जातो, त्याचं इथेनॉल होतं आणि ते टाकीत परत येऊन आपल्याच गाडीला फटाके वाजवायला लावतं. तक्रार कुणाकडं करणार!

आता बेरीज करा. उंचीनं तीन-चार टक्के दिले, इथेनॉलनं आठ घेतले. गाडी ई-२० धरून जेट केलेली नसेल, आणि बाहेरून आलेल्या जुन्या गाड्या सहसा नसतातच, तर फिल्टरला हात लावायच्या आधीच ती चार-एक टक्के लीन असते. कोन फिल्टर त्यात भर घालतो. त्यामुळं "फक्त फिल्टरच बदललाय, जेट कशाला?" या प्रश्नाला आपल्या भागात एकच उत्तर आहे. जेट लागणारच.

फिल्टर कोणता आणि कसा

माझं मत सरळ आहे. ज्यांची गाडी शेतात किंवा मातीच्या वाटेवर चालते त्यांनी कंपनीचा डबा ठेवावा आणि आत तेल लावलेला चांगला फोमचा फिल्टर घालावा. खानापूर भागातली जांभ्याची लाल धूळ पिठासारखी बारीक असते आणि उन्हाळ्यात ती कशातूनही आत शिरते. उघडा कोन फिल्टर मागच्या चाकाच्या उडणाऱ्या धुळीत बसवला की चार घोड्यांच्या ताकदीचा फायदा होत नाही, रिंगा मात्र लवकर झिजतात. पण हौसेला मोल नसतं, तेव्हा कोन बसवायचाच तर नीट बसवा.

कार्बोरेटरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं मोजा. लहान ११० सीसीच्या गाड्यांवर बहुतेक ३५ मिलिमीटर, १२५ च्या आसपास ३८ आणि १५०-२०० च्या गाड्यांवर ४२ सापडतो. पण अंदाजानं मागवू नका, मोजूनच घ्या. मोठा फिल्टर क्लॅम्पनं आवळून बसवला की रबराला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून धूळ न गाळता आत जाते. मापाचा मिळाला नाही तर उद्यमबागेत एखाद्या लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमची रिंग कातून घ्या, ते काम स्वस्तात आणि चोख होतं.

आता एक गोष्ट जवळून बघा. फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाका. कडेला, तोंडाच्या आतल्या काठाशी, एक-दोन बारीक भोकं दिसतील. ती पायलट (स्लोचा लहान जेट) आणि मेन जेटच्या हवेची वाट आहे. कोन फिल्टरचं रबर आतून जाड असलं किंवा जास्त आत सरकवलं की त्याचा काठ नेमका या भोकांवर येतो. अर्धं भोक झाकलं की स्लो बिघडतं आणि माणूस जेट बदलत बसतो. रबर कुठवर जातं ते खडूनं खूण करून तपासा आणि गरज असेल तर आतला काठ ब्लेडनं थोडा कापा.

डब्याला येणारी इंजिनाची ब्रीदर नळी डबा काढल्यावर मोकळी लोंबते. तिला तशीच सोडू नका, तिच्यातून धूळ थेट इंजिनात जाते. टोकाला छोटा ब्रीदर फिल्टर लावा आणि तो वरच्या बाजूला बांधा.

हात लावण्याआधी

कार्बोरेटर जुळवायला बसण्याआधी बाकी इंजिन ठीक आहे ना ते बघा. टॅपेट घट्ट असतील, म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी असेल, प्लग जुना असेल, टाकीत गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल असेल तर जेट बदलून काही हाती लागणार नाही. प्लग नवा घाला. ११०-१२५ च्या बऱ्याच इंजिनांना एनजीकेचा सी७एचएसए आणि १५०-२०० च्या उभ्या सिलिंडरच्या इंजिनांना डी८ईए चालतो. तरी जुन्या प्लगवरचा नंबर बघूनच घ्या आणि गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा.

हवा ओढतेय का ते तपासणं सगळ्यात महत्त्वाचं. कार्बोरेटर आणि इंजिनामधला रबरी मॅनिफोल्ड दोन-तीन वर्षांत तडकतो. त्याच्या ओ-रिंगा ई-२० मुळं फुगतात किंवा कडक होतात. स्लोवर चालू असलेल्या इंजिनाच्या जोडांवर स्प्रेच्या बाटलीनं पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय. काही जण इथं कार्ब क्लीनर फवारतात. त्यानं लवकर कळतं हे खरं, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी ती आग लावणारी गोष्ट आहे. पाण्यानं काम भागतं.

अंगठ्याच्या रेसच्या डबीवर बाहेरून एक स्क्रू असतो. लहान पोरांसाठी वेग मर्यादित करायला तो असतो. तो आत असेल तर तुम्ही पूर्ण अंगठा दाबला तरी कार्बोरेटरमधली स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारी सरकती झडप, अर्धीच उघडते आणि मग "मेन जेट बदलूनही फरक नाही" असं वाटतं. तो बाहेर काढा. रेस बंद असताना आणि पूर्ण दाबल्यावर पट्टीवर मार्करनं खुणा करा. मधल्या पाव, अर्धी, पाऊण अशाही खुणा करून ठेवा. पुढचं सगळं काम या खुणांवर चालतं.

कार्बोरेटर कोणता आहे

आपल्याकडच्या गाड्यांवर दोन जातींचे कार्बोरेटर सापडतात. एकाच्या डोक्यातून केबल थेट आत शिरते आणि स्लाइड वर उचलते. पीझेड-१९, पीझेड-२२, पीझेड-२७ आणि मिकुनीच्या व्हीएम मालिकेतले हे सगळे. नंबर म्हणजे गळ्याचा व्यास, पीझेड-२७ म्हणजे २७ मिलिमीटर. दुसऱ्याच्या डोक्यावर काळी गोल टोपी असते आणि केबल बाजूच्या चाकाला जोडलेली असते. १५० सीसीच्या ऑटोमॅटिक, म्हणजे जीवाय६ इंजिनाच्या गाड्यांवरचा सीव्हीके-२४ हा असा. त्याच्या टोपीखाली रबराचा पडदा असतो आणि स्लाइड व्हॅक्यूमनं उचलली जाते. हा दुसरा प्रकार उघड्या कोन फिल्टरवर जास्त नखरे करतो, कारण त्याच्या स्लाइडची उंचीसुद्धा हवेच्या दाबावरच ठरते. सीव्हीके असेल तर डबा न काढण्याचा माझा आग्रह दुप्पट समजा.

मेन जेट

कार्बोरेटर उतरवायच्या आधी पेट्रोल कॉक बंद करा आणि वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. बरणीत तळाला पाणी किंवा गंज दिसला तर टाकीच आधी धुवा. काम उघड्या हवेत, इंजिन गार असताना करा आणि जवळपास बिडी ओढणारा कुणी नको.

वाटीचे स्क्रू मऊ असतात आणि डोकं चटकन बिघडतं. बरोब्बर मापाचा डायवर घ्या, वरून दाब देऊन एकदाच झटका द्या. आत मधोमध मोठा पितळी जेट दिसेल तो मेन, शेजारी खोल बारीक भोकात बसलेला तो पायलट, ज्याला स्लो जेटही म्हणतात. दोन्हींवर नंबर कोरलेला असतो. भिंगानं वाचून वहीत लिहून ठेवा, नाहीतर चार दिवसांनी मूळ काय होतं तेच आठवत नाही.

जेट साफ करायला ब्रेक केबलची तार घालायची सवय अनेकांना आहे. पितळ मऊ असतं, तारेनं भोक वाढतं आणि मग नंबरला अर्थच उरत नाही. कंप्रेसरची हवा आणि कार्ब क्लीनर पुरे, अगदीच अडलं तर नायलॉनचा धागा. जेट ड्रिल करून मोठा करणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

नवे जेट घेताना जुना बरोबर न्या. आटा ५ मिलिमीटरचा आहे की ६ चा, डोकं गोल आहे की षटकोनी, हे बघून घ्यावं लागतं. एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीशी जुळत नाही. केहिन पद्धतीच्या गोल जेटवर १०० म्हणजे १ मिलिमीटरचं भोक, पण मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा पेट्रोल किती वाहतं त्यावरून असतो. वेगवेगळ्या नंबरांचा संच ऑनलाइन मिळतो, तो एकदाच मागवला की प्रश्न मिटतो.

किती वाढवायचा? सायलेन्सर मूळचाच असेल आणि फक्त फिल्टर मोकळा झाला असेल तर एक-दोन पायऱ्यांनी सुरुवात करा. मूळ ९५ असेल तर १००, फार तर १०५. वाटतं पाचचाच फरक, पण १०० वरून १०५ झालं की भोकाचं क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं. सायलेन्सरही मोकळा केला असेल तर आणखी एक-दोन पायऱ्या. नेहमी थोड्या रिच बाजूनं सुरुवात करा आणि खाली उतरा. लीन बाजूनं वर चढताना मधल्या फेऱ्यांत इंजिन जळतं.

आता तपासणी. इंजिन दहा मिनिटं चालवून तापवा. आपल्या जमिनीवरची किंवा परवानगी असलेली लांब सरळ वाट निवडा, थोडी चढण असेल तर उत्तम. एटीव्हीला सहसा रस्त्याचं रजिस्ट्रेशन नसतं, त्यामुळं डांबरी रस्ता नको, आणि गळीत हंगामात तर तिकडं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांगच असते. खानापूरकडच्यांनी भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जायचा विचारही करू नका. डोक्यावर हेल्मेट हवंच.

वरच्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्या आणि गाडी कशी ओढते ते ऐका. मग अंगठा अगदी किंचित सोडा, पूर्णवरून थोडंसंच मागं. गाडीनं त्या क्षणी उलट जोर घेतला तर मेन जेट लहान आहे. पूर्ण रेसवर आवाज घोगरा होऊन गाडी अडखळत असेल तर मोठा आहे. दुसरी खूण चोकची. पूर्ण रेसवर चोक पाव ओढून बघा. गाडी सुधारली तर लीन, लगेच बिघडली तर जेट बरोबर किंवा थोडा मोठा.

प्लग बघायचा असेल तर नवा प्लग घालून पूर्ण रेसवर लांब अंतर जा आणि चालत्या गाडीतच किल स्विच दाबून इंजिन बंद करा, क्लच असेल तर दाबा. स्लोवर आणत आणत थांबलात तर प्लगवर स्लोचाच रंग येतो आणि ती तपासणी वाया जाते. चिनीमातीच्या टोकाचा बाहेरचा भाग बघू नका, आत मुळाशी उजेड टाका. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग असेल तर बरोबर, पांढरा म्हणजे लीन, काळा म्हणजे रिच. ई-२० वर रंग पूर्वीपेक्षा फिका दिसतो, त्यामुळं नुसत्या रंगावर निकाल देऊ नका. कान, अंगठा आणि प्लग तिन्ही एकच गोष्ट सांगत असतील तेव्हाच विश्वास ठेवा.

सुई

स्लाइड बाहेर काढली की तिच्यात लटकणारी सुई दिसते. वरच्या टोकाला पाच खाचा असतात आणि एका खाचेत लॉक बसलेलं असतं. लॉक खालच्या खाचेत सरकवलं की सुई वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं. लॉक वरच्या खाचेत नेलं की सुई खाली बसते, पेट्रोल कमी होतं. इथं पोरांचा नेहमी गोंधळ उडतो, तेव्हा लॉक नव्हे, सुई कुठं जाते ते लक्षात ठेवा. आधी लॉक मधल्या, म्हणजे वरून तिसऱ्या खाचेत असेल तर कोन फिल्टरवर चौथ्या खाचेनं सुरुवात करा.

तपासणी अर्ध्या रेसच्या खुणेवर. त्या खुणेवर अंगठा धरून सपाट वाटेवर चालवा. गाडी मागं-पुढं हिसके देत असेल, एका वेगावर स्थिर राहत नसेल तर लीन, सुई एक खाच वर. घोगरा, जड आवाज असेल तर एक खाच खाली. एका वेळी एकच खाच. फडात, पाणंदीत सावकाश गाडी चालवणाऱ्याचा सगळा दिवस याच अर्ध्या रेसमध्ये जातो, तेव्हा मेन जेटपेक्षाही ही जागा नीट जुळली पाहिजे. पेट्रोलचा खर्चही इथंच ठरतो.

सीव्हीकेच्या अनेक सुयांना खाचा नसतात. तिथं सुईच्या डोक्याखाली अर्धा मिलिमीटर जाडीचा बारीक वायसर घालून सुई उचलतात. घालताना रबरी पडद्याला नख लागू देऊ नका आणि टोपी बसवताना पडद्याचा काठ खाचेत पूर्ण बसलाय ना ते बघा. तो चिमटला गेला तर गाडी अर्ध्या रेसच्या पुढं उठतच नाही.

शेवटी तो स्क्रू

आधी तो कुठल्या बाजूला आहे ते बघा, कारण त्यावरून दिशा उलटते. स्क्रू स्लाइडच्या आणि फिल्टरच्या मध्ये असेल तर तो हवेचा स्क्रू, आत फिरवला की हवा कमी होते आणि मिश्रण रिच होतं. स्क्रू स्लाइडच्या आणि इंजिनाच्या मध्ये असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर फिरवला की रिच. हे न बघता फिरवणारे अर्धा दिवस उलट्या दिशेनं घालवतात.

स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत न्या. आवळू नका, त्याचं टोक अणकुचीदार असतं आणि आतली बैठक खराब होते. तिथून दीड फेरा बाहेर काढा. इंजिन चांगलं तापलेलं असू दे. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मागची चाकं जॅकवर उचला, कारण रेस वाढली की क्लच धरून गाडी स्वतःहून पुढं सरकते. स्लोचा मोठा स्क्रू फिरवून इंजिन जरा वरच्या स्लोवर ठेवा. आता मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं फिरवा आणि दर वेळी थांबून ऐका. एका जागी इंजिनाचा वेग सगळ्यात वर जातो आणि आवाज एकसारखा होतो. ती जागा सापडली की स्लो परत खाली आणा, साधारण १५०० फेऱ्यांच्या आसपास. मीटर नसेल तर इंजिन न अडखळता चालेल इतका ठेवा. मग रेस झटक्यात देऊन बघा. उचलताना भूक लागल्यासारखी गाडी क्षणभर मरत असेल तर पाव फेरा रिचकडं.

स्क्रूची जागाच पायलट जेटचा निकाल सांगते. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांपेक्षा जास्त बाहेर काढल्याशिवाय गाडी जमत नसेल तर पायलट जेट लहान आहे, एक नंबर मोठा घाला. एका फेऱ्याच्या आतच जमत असेल तर मोठा आहे. हवेच्या स्क्रूला बरोबर याच्या उलट. कोन फिल्टरवर बहुतेक गाड्यांना पायलट एक नंबरानं वाढवावा लागतो आणि रेस सोडल्यावरचे फटाके तेव्हाच थांबतात. पायलट बदलला की सुईवर त्याचा थोडा परिणाम होतो, म्हणून एकदा अर्ध्या रेसच्या खुणेवर पुन्हा फिरून या.

हे सगळं शक्यतो सकाळच्या गारव्यात करा. गार हवा दाट असते आणि गाडी थोडी लीन चालते. सकाळी बरोबर जुळलेली गाडी दुपारी किंचित रिच होईल, त्यानं काही बिघडत नाही. दुपारी जुळवलेली गाडी मात्र पहाटे उसाला पाणी पाजायला निघालात की फटाके वाजवते.

जुळल्यावर

पहिल्या मोठ्या फेरीनंतर फिल्टर काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर लाल रेघ उमटली तर फिल्टर धूळ सोडतोय, नाहीतर रबराचा काठ नीट बसलेला नाही. काठावर पातळ ग्रीस लावून पुन्हा बसवा आणि पुढच्या फेरीनंतर पुन्हा पुसून बघा. फोमचा फिल्टर रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन, मग साबणाच्या पाण्यात, सावलीत पूर्ण वाळवून तेल लावून घाला. पेट्रोलनं धुतला तर जोडाचा डिंक सुटतो. तेल न लावलेला कोरडा फोम धूळ अडवत नाही, नुसता दिसायला असतो. धुळीच्या दिवसांत तो दर दोन-तीन वापरांनंतर बघावा लागतो आणि फिल्टर तुंबला की गाडी आपोआप रिच होते हेही लक्षात असू द्या. फिल्टर मळला म्हणून पुन्हा जेट बदलत बसू नका.

जूनमध्ये पश्चिमेकडच्यांनी मूळ डबा परत बसवलेला बरा. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस आणि चाकांनी उडवलेलं पाणी उघड्या कोनाला झेपत नाही. वरून पाणी न झिरपणारं कापडी कव्हर मिळतं, पण ते हवा अडवतं, म्हणजे जेटचा हिशेब पुन्हा बदलतो. डबा बसवला की आधीच्या नोंदीतला जेट घाला. म्हणूनच ती वही.

गाडी ट्रॉलीवर घालून चोर्ल्याच्या घाटानं गोव्याच्या किनाऱ्यावर नेणारेही आहेत. तिथं हवा दाट, त्यामुळं इथं नेमकी जुळलेली गाडी तिथं लीन चालेल. मेन जेट एक पायरी मोठा बरोबर ठेवा, आणि तेवढं जमत नसेल तर निदान पूर्ण रेसवर लांब पळवू नका.

आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल काढून टाका. ई-२० हवेतला ओलावा ओढून घेतं, वाटीत पाणी साठतं आणि पायलट जेटचं बारीक भोक सगळ्यात आधी बुजतं. दसऱ्याला पूजेसाठी गाडी बाहेर काढल्यावर ती स्लोवर राहत नसेल तर फिल्टर, सुई, स्क्रू काहीही न हलवता आधी तो पायलट जेट काढून साफ करा.